पोळ्याचं गणित, पत्र्याचं गणित

हा नट घ्या हातात. चोवीसच्या पान्याचा आहे, म्हणजे समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमध्ये २४ मिलिमीटर अंतर. थोडा तेलकट लागेल, नंतर हात फडक्याला पुसा. आता डोळे मिटा आणि अंगठा फिरवत कडा मोजा.

"सहा," धाकटी म्हणते.

बरोबर, सहा. भोसरीच्या कुठल्याही शेडमध्ये जा, तळवड्याला जा, नाहीतर चाकणच्या मोठ्या कारखान्यांत जा. मोटारसायकल असो, जीप असो की मालाचा ट्रक, चाकापासून इंजिनापर्यंत जिकडेतिकडे तुम्हाला हाच सहा बाजूंचा नट भेटेल. पाचाचा नाही, साताचा नाही. माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये गेली आणि हा आकार रोज हाताखालून जायचा. पण आज सांगायची गोष्ट वेगळीच आहे. हा आकार माणसाला सुचायच्या कितीतरी आधी एक कारागीर तो घडवत होती. तिच्याकडे ना पट्टी, ना कंपास. तिला शाळा नाही, आयटीआय नाही.

"मधमाशी!" थोरल्याला राहवत नाही.

मधमाशीच. आपल्या भागात तिच्या तीन जाती सहज दिसतात. आग्या माशी घाटातल्या कड्यांवर, जुन्या वडा-पिंपळावर, पाण्याच्या टाक्यांखाली आणि आता उंच इमारतींच्या सज्ज्यांखाली एकच मोठं पोळं टांगते. सातेरी झाडाच्या ढोलीत नाहीतर भिंतीच्या पोकळीत एकाशेजारी एक अशी पोळी बांधते, म्हणून ती पेटीतही पाळता येते. फुलोरी सगळ्यात लहान; झुडपाच्या फांदीला तळहाताएवढं पोळं लावते. आग्या मोहोळाच्या जवळ मात्र कधी जायचं नाही आणि दगड तर मुळीच मारायचा नाही. त्या माश्या चिडल्या की लांबवर पाठलाग करतात.

१९६२ साली आपली एमआयडीसी स्थापन झाली, आणि त्याच वर्षी पुण्यात मधमाश्यांवर संशोधन करणारी केंद्रीय संस्थाही सुरू झाली. एकीकडे माणसांचे कारखाने उभे राहत होते आणि पंधरा-वीस किलोमीटरवर माणसं माशीचा कारखाना समजून घ्यायला बसली होती. मला हे फार आवडतं. दोन्हीकडचा प्रश्न एकच आहे: हातात सामान थोडं आहे, त्यात जास्तीत जास्त काम कसं काढायचं?

माशीचं सामान म्हणजे मेण. ते ती बाहेरून आणत नाही, स्वतःच्या अंगातून काढते. कामकरी माशीच्या पोटाच्या खालच्या बाजूला मेणाच्या ग्रंथींच्या चार जोड्या असतात. तरुण माशीच्या या ग्रंथींतून मेण पाझरतं आणि हवेला लागून त्याचे पातळ पारदर्शक पापुद्रे होतात. माशी तो पापुद्रा मागच्या पायानं ओढून तोंडाशी आणते, चावून मऊ करते आणि भिंतीवर थापते. मग दुसरा पापुद्रा, मग तिसरा. सातेरीच्या एका घराची रुंदी पाच मिलिमीटरच्या आसपास आणि त्याची भिंत मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ. आमच्याकडचा चांगला कारागीर व्हर्नियर लावून जेवढं नेमकं काम करायचा, तेवढं ती अंधारात करते.

आणि हे मेण स्वस्त नाही बरं का. एक किलो मेण व्हायला माश्यांचा सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो, असा मधपाळांचा ढोबळ हिशेब आहे. त्या मधासाठी किती फुलं, किती फेऱ्या! म्हणजे भिंतीचा एक-एक कण वाचवला पाहिजे. घरं मोठी हवीत, भिंती कमी हव्यात. आता हे गणित आपण करू. कागद, कात्री आणि दोरा घ्या.

पहिला प्रश्न: एकाच मापाचे, सगळ्या बाजू आणि सगळे कोन सारखे असलेले कोणते तुकडे एकमेकांना चिकटून बसतात, मध्ये फट न ठेवता?

तुकडे जिथे एकत्र येतात त्या टोकाकडे बघा. टोकाभोवती पूर्ण फेरी, म्हणजे ३६० अंश. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा. असे सहा त्रिकोण टोकाभोवती बसले की ३६० पूर्ण. चौरसाचा कोन ९० अंशांचा. चार बसले की पूर्ण. पंचकोनाचा कोन किती? थोरल्या, एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यांकडे रेघा मार. त्रिकोण किती झाले?

"तीन."

एका त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज १८०. तिनाची ५४०. पाच कोनांत वाटली की प्रत्येकी १०८. आता टोकाभोवती तीन पंचकोन ठेव: ३२४ होतात आणि ३६ अंशांची फट राहते. चौथा त्या फटीत मावत नाही. पंचकोन बाद! षट्कोनात रेघा मारल्या की चार त्रिकोण पडतात, बेरीज ७२०, प्रत्येक कोन १२०. असे तीन ठेवले की ३६०, फट नाही. सप्तकोनाचा कोन १२० हून मोठा. तीन बसतच नाहीत, एकमेकांवर चढतात. त्यापुढे कोन मोठाच होत जातो. म्हणून त्रिकोण, चौरस आणि षट्कोन एवढे तीनच उमेदवार उरले. इथे आपण बेरीज, भागाकार आणि वजाबाकी एवढंच वापरलं, आणि तेवढ्यानं बाकी सगळे आकार बाजूला पडले.

दुसरा प्रश्न: या तिघांत माशीला कोण परवडेल?

१२ सेंटिमीटरचा दोरा घ्या आणि त्याची टोकं जुळवा. हा दोरा म्हणजे भिंत. सगळ्यांना सारखीच दिली. त्रिकोण केला तर बाजू ४ सेंटिमीटरची, चौरस केला तर ३ ची, षट्कोन केला तर २ ची. आता त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू जोडा. आत किती छोटे त्रिकोण पडले?

"चार," धाकटी मोजते.

प्रत्येकाची बाजू २ सेंटिमीटर. आता षट्कोनाचा मध्य धरून सहाही कोपऱ्यांना जोडा.

"सहा त्रिकोण! आणि यांचीही बाजू दोनच."

बघा, दोरा तेवढाच, पण एकात चार त्रिकोण मावले आणि दुसऱ्यात सहा. दीडपट जागा! त्यासाठी सूत्र लागलं नाही, नुसतं मोजलं. थोरल्याला सूत्रं येतात, त्यानं क्षेत्रफळ काढून बघावं: त्रिकोणाचं सुमारे ६.९ चौरस सेंटिमीटर, चौरसाचं ९ आणि षट्कोनाचं सुमारे १०.४.

"मग गोल केला तर?"

हा खरा प्रश्न आहे. त्याच दोऱ्याचा गोल केला तर सुमारे ११.५ येतं, सगळ्यांत जास्त. पण गोल एकटा असेल तेव्हाच शहाणा. गोलाला गोल लावला की मध्ये तिकोनी फटी राहतात, आणि दोन शेजाऱ्यांना एक भिंत सामाईक धरता येत नाही. षट्कोनाची प्रत्येक भिंत दोन घरं वापरतात, म्हणजे मेणाचा खर्च निम्मा.

रोमन पंडित व्हारो यानं ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातच लिहून ठेवलं होतं की माशीचा हा आकार कमी सामानात जास्त जागा देतो. पण नुसतं वाटणं वेगळं आणि सिद्ध करणं वेगळं. कुठलेही वेडेवाकडे, वाकड्या भिंतींचे आकार घेतले तरी सारख्या क्षेत्रफळाच्या घरांसाठी षट्कोनाच्या जाळीला मागे टाकता येत नाही, याची पक्की सिद्धता टॉमस हेल्स या अमेरिकन गणितज्ञानं १९९९ मध्ये दिली. दोन हजार वर्षं लागली! म्हणून एखादं गणित सुटलं नाही तर वही मिटून ठेवायची नाही.

"पण आजोबा, माशीला हे कळतं का?"

तिला १२० अंश कळत नाहीत. ती काय करते त्यावर शास्त्रज्ञ अजून खल करतात. डार्विननंही १८५९ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात पोळ्याचा बारकाईनं विचार केला आहे. पण एक गोष्ट तुम्ही स्वतः करून बघा. रुपयाचं एक नाणं ठेवा आणि त्याला चिकटून तशीच नाणी भोवती लावा. किती बसतात? बरोबर सहा. ना सातव्याला जागा, ना चेपाचेप. कारण मधलं नाणं आणि भोवतालची एकमेकांना चिकटलेली कोणतीही दोन नाणी यांचे मध्य जोडले की तिन्ही बाजू सारख्या, म्हणजे समभुज त्रिकोण, म्हणजे ६० अंश. आणि ३६० मध्ये ६० सहा वेळा. सारख्या मापाच्या माश्या सारख्या मापाची घरं दाटीवाटीनं बांधायला लागल्या की प्रत्येक घराला सहा शेजारी मिळणार, आणि शेजाऱ्याशी असलेली भिंत सरळ झाली की सहा बाजू आल्याच. सहाचा आकडा माशीच्या डोक्यात असायची गरज नाही. तो जागेतच आहे.

तो जागेतच आहे याला दगडही साक्षी आहे. आपण उभे आहोत ते दख्खनच्या काळ्या कातळावर. हा कातळ म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास वाहिलेला लाव्हा. काही ठिकाणी लाव्हाचे जाड थर हळूहळू निवले, निवताना आकसले आणि आकसताना तडकले. अंधेरीच्या गिल्बर्ट हिलला गेलात तर उभे, कोनदार दगडी खांब एकमेकांना चिकटून उभे असलेले दिसतील. तडा वरून खाली उतरत जातो तसतसा तो नीटस होत जातो. तीन तडे एकत्र येतात तिथे कोन १२० च्या जवळ येतो, कारण तसं झालं की ताण सगळीकडे सारखा आणि कमी तड्यांत मोकळा होतो. तिथला प्रत्येक खांब काही सहाच बाजूंचा नसतो. असल्या खांबांत काही पाचाचे आणि साताचेही निघतात. दगडाला माशीसारखी निगराणी नसते. पण ओढा सहाकडेच.

माशी गणित करत नाही, पण माश्या-भुंग्यांवर गणित घालणारा एक माणूस आपल्याकडे होऊन गेला: भास्कराचार्य. जन्म १११४ सालचा, आणि 'लीलावती' लिहिली ती १९५० नव्हे, ११५० साली! चाळीसगावजवळच्या पाटण इथे तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा एक शिलालेख आहे. त्यात लिहिलंय की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. ऐकलंत का? नातवानं!

लीलावतीतलं एक गणित मी माझ्या शब्दांत सांगतो. भुंग्यांचा एक थवा आहे. त्याचा पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग शिलींध्राच्या फुलांवर गेला. या दोन भागांत जो फरक आहे त्याच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या फुलांवर गेले. उरला एकच. तो केवडा आणि मालती या दोघींच्या वासात सापडून हवेतच घुटमळतोय. तर थव्यात भुंगे किती?

धाकटीला बीजगणित येत नाही, आणि इथे लागतही नाही. पाचवा भाग आणि तिसरा भाग, दोन्ही पूर्ण निघतील असा आकडा मनात धर.

"तीस?"

चालेल. तिसाचा पाचवा भाग सहा, तिसरा भाग दहा. फरक चार, त्याची तिप्पट बारा. सहा, दहा आणि बारा मिळून अठ्ठावीस. किती उरले?

"दोन. पण एकच उरायला हवा."

दोन उरले तेव्हा थवा तीस होता. एक उरायचा तर थवा निम्मा.

"पंधरा!"

पडताळा घे. पंधराचा पाचवा भाग तीन, तिसरा भाग पाच, फरक दोन, तिप्पट सहा. तीन, पाच आणि सहा मिळून चौदा, आणि उरला एक. जमलं. आधी सोयीचा आकडा धरायचा, हिशेब करायचा आणि मग प्रमाणानं तो खाली किंवा वर आणायचा. या रीतीला भास्कराचार्य इष्टकर्म म्हणतात. आमच्या टूलरूममध्येही हेच चालायचं. नवा जॉब आला की अनुभवावरून एक माप धरायचं, एक तुकडा काढायचा, किती फरक पडला ते मोजायचं आणि सेटिंग तेवढ्या प्रमाणात हलवायचं. चुकीचा आकडासुद्धा बरोबर उत्तराकडे नेतो, फक्त तो धरल्यावर पुढचा हिशेब नीट करायचा.

आता चला भोसरीला. प्रेस शॉपमध्ये शिरलात की आधी ठोका ऐकू येतो. पत्र्याची पट्टी डायवर सरकते, पंच खाली येतो, गोल चकती खाली पडते, पट्टी पुन्हा सरकते, पुन्हा ठोका. त्या चकतीला ब्लँक म्हणतात. तिच्यातून पुढे झाकण, वॉशर, वाटीसारखा भाग असं काय काय बनतं. मागे उरते ती भोकाभोकांची जाळी. ती भंगारात जाते. पत्रा किलोच्या भावानं विकत घेतलेला असतो आणि जाळी त्याहून बऱ्याच कमी भावानं विकली जाते. म्हणून प्रेस शॉपच्या मालकाचा जीव त्या जाळीत अडकलेला असतो, जसा माशीचा मेणात.

समजा १००० मिलिमीटर लांब आणि १००० मिलिमीटर रुंद पत्रा आहे, आणि त्यातून १०० मिलिमीटर व्यासाच्या चकत्या काढायच्या आहेत. किती निघतील?

"दहा ओळी, प्रत्येकीत दहा. शंभर!"

सगळे असंच सांगतात. आता नाण्यांचा खेळ आठवा. पहिली ओळ दहाची लावा. दुसरी ओळ तिच्या बरोबर वर न ठेवता अर्धी चकती सरकवून खाचांमध्ये बसवा. तिच्यात नऊच मावतील. तिसरीत पुन्हा दहा, चौथीत नऊ.

"मग तर कमी होतील!"

थांब, घाई नको. खाचेत बसल्यामुळे ओळी एकमेकींच्या जवळ आल्या. पूर्वी दोन ओळींच्या मध्यांत १०० मिलिमीटर अंतर होतं. आता तीन चकत्यांचे मध्य जोडले की १०० बाजूचा समभुज त्रिकोण होतो, आणि ओळींतलं अंतर म्हणजे त्या त्रिकोणाची उंची. पायथागोरसनं काढली की ती येते सुमारे ८६.६. पहिल्या ओळीला १०० मिलिमीटर लागले, उरले ९००. नऊशेत ८६.६ किती वेळा जातं?

थोरला कागदावर भागाकार करतो. "दहा वेळा, आणि थोडं उरतं."

म्हणजे एकूण अकरा ओळी. त्यातल्या सहा दहाच्या आणि पाच नऊच्या. साठ अधिक पंचेचाळीस.

"एकशे पाच!"

त्याच पत्र्यातून पाच चकत्या जादा! प्रत्येक ओळीआड एक चकती कमी केली, तरी एकूण वाढल्या. पत्रा जितका मोठा तितका फायदा मोठा. कडा विसरून फक्त मधला भाग बघितला तर सरळ ओळींत पत्र्याचा ७८.५ टक्के भाग चकत्यांत जातो आणि झिगझॅग लावणीत ९०.७ टक्के. शंभर किलो पत्र्यामागे भंगार साडेएकवीस किलोवरून सव्वानऊ किलोच्या आसपास येतं. प्रत्यक्षात दोन भोकांमध्ये थोडा पत्रा सोडावा लागतो, नाहीतर जाळी फाटून डायमध्ये अडकते; म्हणून कारखान्यातले आकडे याहून थोडे कमी पडतात. पण दिशा हीच. झिगझॅग लावणीतली कुठलीही एक चकती बघा: तिला सहा शेजारी, आणि तिच्या वाट्याला आलेली जागा आखलीत तर षट्कोन. पोळ्यातला नकाशा तसाच्या तसा पत्र्यावर उतरलाय.

आता नटाकडे. नट सहा बाजूंचाच का? त्याचं पहिलं कारण कंपासात आहे. वर्तुळ काढा, कंपास तसाच ठेवा आणि परिघावर टप्पे टाकत जा. सहा टप्प्यांत तुम्ही सुरुवातीच्या खुणेवर परत येता. आयटीआयतला फिटरचा विद्यार्थी गोल सळईच्या टोकावर डिव्हायडरनं असाच षट्कोन आखतो.

दुसरं कारण पुन्हा सामानाचं. २४ मिलिमीटरचा षट्कोन गोल सळईतून घासून काढायचा तर कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे २७.७ मिलिमीटर लागतात, म्हणून २८ ची सळई घ्यायची. तेवढ्याच मापाचा चौकोनी नट काढायचा तर कर्ण सुमारे ३३.९ चा, म्हणून ३४ ची सळई. क्षेत्रफळं काढून बघा: षट्कोनात सळईचा सुमारे एकोणीस टक्के भाग किसात जातो, चौकोनात सदतीस टक्क्यांच्या जवळ. आता बहुतेक नट किस न काढता दाबून घडवतात. पण चौकोनाच्या लांब कोपऱ्यांत अडकणारं लोखंड तेव्हाही जास्तच आणि आताही जास्तच.

"मग आठ बाजूंचा का नाही? तो तर गोलाच्या आणखी जवळ."

शाबास! इथेच तिसरं कारण आहे. नट पान्यानं फिरवायचा असतो. पान्याची पकड कोपऱ्यावर येते. अष्टकोनाचा कोन १३५ अंशांचा, बोथट. जोर लावला की पाना घसरतो आणि कोपरे झिजतात. चौकोनाची पकड उत्तम, पण अडचणीच्या जागी, समजा इंजिनाच्या खाली, पाना पाव फेरी, म्हणजे ९० अंश फिरवायला जागाच नसते. षट्कोनाला ६० अंश फिरवलं की पाना काढून पुन्हा बसवता येतो. त्यात पान्याचं तोंड दांड्याला १५ अंश तिरपं केलेलं असतं. प्रत्येक वेळी पाना उलटा करून लावला की ३० अंशांची जागाही पुरते. पकड, जागा आणि लोखंड या तिघांचा मेळ सहावर बसतो.

बघा आता, माशीकडे मेण आहे, मालकाकडे पत्रा, फिटरकडे सळई. तिघांनी एकमेकांना विचारलेलं नाही, तरी तिघंही सहापाशी येऊन भेटले. शाळेत तुम्हाला ६० अंशांचा त्रिकोण शिकवतात तेव्हा तो या सगळ्यांच्या पोटापाण्याचा आधार असतो. परीक्षेत उत्तर लिहिलं की दोन गुण मिळतात, ते मिळवाच. पण उत्तर आल्यावर "असंच का?" हे विचारलंत तर तेच गणित पोळ्यात, कातळात आणि भोसरीच्या शेडमध्ये तुमच्या ओळखीचं होतं. आणि "नेहमीच असं का?" हा त्याच्याही पुढचा प्रश्न. तो विचारायची सवय लागावी म्हणून हे शेवटचं काम.

पत्रा ५०० लांब, ५०० रुंद. चकत्या त्याच, १०० च्या. सरळ लावल्या तर पाच ओळी, प्रत्येकीत पाच, पंचवीस. झिगझॅग लावल्या तर पहिल्या ओळीनंतर ४०० मिलिमीटर उरतात, त्यात ८६.६ फक्त चार वेळा जातं. ओळी पाचच झाल्या: तीन पाचाच्या, दोन चाराच्या.

"तेवीस! म्हणजे दोन कमी पडल्या!"

होय. माशीची युक्ती लहान पत्र्यावर तोट्याची ठरते. कडेला वाया जाणारी जागा तिथे भारी पडते, आणि ओळी जवळ आणून वाचलेली जागा एक जादा ओळ बसवायला पुरत नाही. ५०० ला तोटा आणि १००० ला नफा, म्हणजे मध्ये कुठेतरी पारडं फिरतं. ६००, ७००, ८००, ९०० च्या चौरस पत्र्यांचा हिशेब दोघांनी मिळून करा. थोरल्यानं भागाकार करायचा, धाकटीनं ओळी मोजायच्या. कोणत्या मापाला झिगझॅग पहिल्यांदा जिंकते ते मला सांगा, आणि त्याच मापाला का जिंकते तेही.